सर्दीत मुलाचा डोळा सुजला तर

सर्दीने चार-पाच दिवस हैराण झालेले तीन वर्षांचे मूल सकाळी उठते ते एक डोळा मिटूनच. वरची पापणी लालसर, टम्म फुगलेली, अंगात ताप. घरात लगेच निदाने सुरू होतात. आजीच्या मते रात्री डास चावला, शेजारच्या काकूंच्या मते डोळे आले, आणि बाबा मेडिकलमधून डोळ्यात घालायचे थेंब घेऊनही येतात. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हापासून तर सुजलेला प्रत्येक डोळा ‘आलेला’च ठरतो. वाहत्या नाकाचा या डोळ्याशी काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

संबंध असतो, आणि तो जवळचा असतो. डोळ्याच्या खोबणीत, म्हणजे नेत्रगोलाच्या मागच्या जागेत, जंतुसंसर्ग झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत त्याचा उगम सायनसमध्ये सापडतो. मुलाला सायनसचा त्रास आहे हेच पुष्कळदा घरच्यांना ठाऊक नसते. सुजलेली पापणी ही त्याची पहिली खूण ठरते. यातली बरीचशी मुले औषधांनी पूर्ण बरी होतात. थोड्या मुलांत मात्र खोबणीत पू साचतो, डोळ्याच्या नसेवर दाब येतो आणि काही तासांच्या विलंबाने दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून पापणीवरची सूज कोणत्या प्रकारची आहे, हे त्याच दिवशी डॉक्टरांनी ठरवायला हवे.

‘एवढ्याशा पोराला कसला आलाय सायनस?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. तो चुकीचाही नाही, कारण मोठ्या माणसाचे कपाळ ज्या सायनसमुळे ठणकते, तो कपाळातला सायनस लहान मुलात तयारच झालेला नसतो. तो आकाराला येतो साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी आणि पूर्ण वाढतो किशोरवयात. पण गालाच्या हाडातले आणि नाक व डोळा यांच्या मधले एथमॉइड सायनस जन्मापासूनच असतात. यांतला एथमॉइड हा आपल्या विषयाचा खरा नायक, किंवा खलनायक. हवेच्या छोट्या छोट्या कप्प्यांची ती एक जाळी असते. तिच्यात आणि डोळ्याच्या खोबणीत जी हाडाची भिंत आहे, ती कागदासारखी पातळ, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची. त्यातही रक्तवाहिन्या आणि नसा जाण्यासाठी तिला नैसर्गिक छिद्रे असतात. शिवाय चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांना झडपा जवळपास नसतात, त्यामुळे रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते आणि रक्ताबरोबर जंतूही. नाकातल्या संसर्गाला डोळ्यामागे जायला फार मोठा प्रवास करावा लागत नाही, तो असा.

आता सर्दीबद्दल. शाळेत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचेच आहे, आणि ती जवळजवळ नेहमी विषाणूंची असते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक सुरू करायचे, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. तिला आधार नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतोच. सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाला असे कधी समजावे, याचे तीन आडाखे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१३ साली दिले, आणि ते घरातही वापरता येतील इतके साधे आहेत. सर्दी-खोकला दहा दिवसांनंतरही जराही न ओसरणे. बरे वाटू लागल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा ताप येणे किंवा त्रास उलटणे. आणि सुरुवातीपासूनच सलग तीन दिवस १०२ फॅरनहाइटच्या वर ताप आणि नाकातून घट्ट पिवळा स्राव. यांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. डोळा सुजला असेल तर मात्र दिवस मोजत बसू नये.

सूज आली म्हणजे जंतू डोळ्यामागे पोचलेच, असे नाही. खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीत एक चिवट पडदा उतरलेला असतो. संसर्ग त्या पडद्याच्या पुढे, म्हणजे नुसत्या पापणीत असला, तर पापणी कितीही भयंकर दिसली तरी आतला डोळा सुरक्षित असतो. हा प्रकार कितीतरी जास्त आढळतो; कीटक चावून खाजवल्याने, रांजणवाडी चिघळल्याने, भुवईजवळ खरचटल्यानेही तो होतो. संसर्ग पडद्याच्या मागे गेला, की प्रकरण वेगळे. आणि अडचण अशी, की मुलाकडे बाहेरून पाहताना हे दोन्ही प्रकार एकसारखेच दिसतात. कधी कधी नुसत्या पापणीची सूज अधिक भीतिदायक दिसते आणि आतला पू तुलनेने शांत.

तेव्हा खरी माहिती पापणीच्या रंगात नसते, ती पापणीच्या आड दडलेल्या डोळ्यात असते. म्हणून डॉक्टर पहिले काम करतात ते पापणी उघडण्याचे. मूल शांत असेल तर पालकही डॉक्टरांकडे निघण्याआधी एवढे बघू शकतात. मुलाला मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात बसावे. हात स्वच्छ धुवून अंगठा भुवईच्या हाडावर ठेवावा, नेत्रगोलावर नव्हे, आणि पापणी हलकेच वर ओढावी. मग दुसऱ्या कोणीतरी मुलाच्या आवडीचे खेळणे समोर धरून हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्यावे. दोन्ही डोळे खेळण्यामागे सारखे फिरतात का? सुजलेला डोळा एखाद्या दिशेला अडतो का? फिरवताना मूल कळवळते का? नंतर मुलाला मान किंचित मागे करायला लावून कपाळाकडून खाली पाहावे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला असेल तर या कोनातून तो चटकन कळतो. एथमॉइडच्या बाजूने पू साचला असेल तर डोळा पुढे येतो आणि थोडा बाहेरच्या बाजूला, कानाकडे, ढकलला जातो.

चार-पाच वर्षांचे आणि बोलणारे मूल असेल तर आणखी एक साधी चाचणी आहे. एखाद्या बाटलीचे लालभडक झाकण घ्यावे. चांगला डोळा हाताने झाकून सुजलेल्या डोळ्याने ते दाखवावे, मग उलट. दोन्ही वेळा रंग सारखाच आहे का, हे विचारावे. डोळ्याच्या नसेवर ताण आला की लाल रंग लवकर फिका पडतो. मूल सांगते, ‘या डोळ्याने चॉकलेटी दिसतंय.’ वॉर्डात तज्ज्ञ डॉक्टरही नेमके हेच करतात, शिवाय टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाहुल्या सारख्या आकुंचन पावतात का ते पाहतात.

पापणी जोर लावून उघडण्याचा प्रयत्न मात्र करू नये. ती उघडतच नसेल, तर ती न उघडणे हीच मोठी खूण समजावी.

डोळा पुढे आलेला, नीट न फिरणारा, फिरवताना दुखणारा. दोन-दोन किंवा अंधूक दिसणे. पांढरा भाग फोडासारखा फुगून आलेला. सोबत जोराची डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, मान ताठ होणे, झटका. किंवा एका डोळ्याची सूज बघता बघता दुसऱ्या डोळ्यावरही येणे. यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर एवढ्या खुणांचीही वाट पाहू नये. ताप आणि सुजलेली पापणी एवढे पुरेसे आहे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या मुलाचेही तसेच. कोविडनंतर २०२१ मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात घातलेला धुमाकूळ लोक विसरलेले नाहीत. तीच बुरशी अशा मुलांच्या नाकातून डोळ्यापर्यंत फार वेगाने जाते, आणि तिचे औषध वेगळे असते.

साथीच्या डोळ्यांशी होणारा घोळ टाळायला थोडे निरीक्षण पुरते. डोळे येतात तेव्हा पांढरा भाग लालभडक होतो, चिपडे येतात, डोळा खुपतो, आणि एक-दोन दिवसांत बहुधा दुसराही डोळा येतो. पण डोळा सगळीकडे नीट फिरतो आणि चिपडे पुसल्यावर दिसतेही स्वच्छ. अ‍ॅलर्जीची सूज खाजते, फिकट असते, बहुधा दोन्हीकडे असते आणि ताप नसतो. रांजणवाडीत पापणीच्या कडेला एक दुखरी गाठ बोटाला लागते. याच्या उलट, ताप नाही, सर्दी नाही, दुखतही नाही, पण एक डोळा हळूहळू पुढे येत चालला आहे, असे दिसले तर ते गाठीचे, क्वचित कर्करोगाचेही लक्षण असू शकते. फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल तरीही नेत्रतज्ज्ञांना तातडीने दाखवावे.

अँटिबायोटिक येण्यापूर्वी या आजाराची दहशत किती होती, याची कल्पना आज येणे अवघड आहे. १९३० च्या दशकातल्या वैद्यकीय लिखाणात, खोबणीत संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के दगावल्याचे आणि सुमारे २० टक्क्यांची दृष्टी गेल्याचे आकडे आढळतात. १९४१ साली ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात ज्या मोजक्या रुग्णांवर पेनिसिलिन पहिल्यांदा वापरले गेले, त्यांत साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. गोवरानंतर त्याच्या पापणीवरच्या फोडांतून जंतू आत शिरले आणि कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोचले. नावात सायनस असले तरी ही हवेची पोकळी नव्हे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे असलेली ती रक्ताची मोठी शीर. तिथे रक्त गोठले की तेव्हा मृत्यू जवळपास ठरलेला असे. औषध इतके दुर्मीळ होते, की पहिल्या रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा वापरावे लागले होते. हा मुलगा पेनिसिलिनने सावरला, संसर्ग आटोक्यात आला, तो बोलू-खेळू लागला. आणि जंतूंनी आधीच पोखरलेली एक रोहिणी फुटून दगावला. औषध योग्य होते. पण संसर्गाने करायचे ते नुकसान औषध पोचण्याआधी करून ठेवले होते. आज औषधे तालुक्याच्या गावातही मिळतात. उशीर तेवढा अजूनही होतो.

हा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगण्यासाठी जगभरचे डॉक्टर आजही जेम्स चँडलर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये मांडलेले पाच प्रकार वापरतात. पहिल्यात सूज फक्त पापणीची. दुसऱ्यात खोबणीतल्या ऊतींना सूज, पण पू नाही. तिसऱ्यात हाड आणि त्यावरचे आवरण यांच्यामध्ये पू साचतो. चौथ्यात खोबणीच्या आतच गळू होते. पाचव्यात वर सांगितलेल्या कॅव्हर्नस सायनसमध्ये रक्त गोठते. केसपेपरवर ‘चँडलर दोन’ किंवा ‘चँडलर तीन’ असे लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ हा. आकडे चढत्या गांभीर्याचे असले तरी आजार पायरी-पायरीनेच चढेल अशी हमी नसते.

रुग्णालयात पहिल्या तासाभरात सलाइन लागते आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू होते. तोंडाने द्यायचे औषध फक्त अगदी सौम्य, पापणीपुरत्या संसर्गात आणि मूल नीट खात-पीत असेल तर, तेही दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवण्याच्या अटीवर. सीटी स्कॅनचे नाव काढले की पालक बिचकतात. किरणोत्सर्गाची त्यांची काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच साध्या सायनसच्या त्रासात हा स्कॅन काढत नाहीत. पण डोळा पुढे आला असेल, फिरत नसेल, दृष्टीवर परिणाम झाला असेल, सुजेमुळे डोळा तपासताच येत नसेल किंवा शिरेतल्या औषधाने एक-दोन दिवसांत उतार पडत नसेल, तर पू आहे का आणि कुठे आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही. अशा वेळी नकार देणे धोक्याचे. मेंदूकडे काही सरकल्याची शंका आली तर एमआरआय लागतो.

पू दिसला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, हा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. अमेरिकेतील नेत्रशल्यचिकित्सक जेराल्ड हॅरिस यांनी १९९४ मध्ये वयाचा मुद्दा पुढे आणला. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांत या पुवात बहुधा एकाच जातीचे जंतू सापडतात, किंवा औषध सुरू झाल्यावर काहीच सापडत नाही; मोठ्या मुलांत आणि प्रौढांत मात्र हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंसह अनेक जातींची सरमिसळ असते आणि ती औषधाला सहज दाद देत नाही. त्यामुळे आज लहान मुलात पू थोडा असेल, नाकाच्या बाजूला असेल, दृष्टी शाबूत असेल, तर नुसत्या औषधांवर ठेवून बारकाईने लक्ष ठेवले जाते आणि बहुतेक मुले बरी होतात. ‘पू आहे म्हणता आणि ऑपरेशन करत नाही’ म्हणून मुलाला दुसऱ्या रुग्णालयात हलवणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर समजून घ्यावे. डॉक्टर या काळात हातावर हात धरून बसलेले नसतात. निवासी डॉक्टर दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, येऊन मुलाला उठवतात, पापणी उघडतात, टॉर्च मारतात, बोटे मोजायला लावतात. झोपमोड होते म्हणून त्यांच्यावर चिडू नये. दृष्टी घटू लागल्याचे कळण्याचा तोच एक मार्ग आहे. ती घटली, गळू मोठे निघाले, कपाळातल्या सायनसमधून किंवा दाढेच्या मुळातून पू आला असेल, तर शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. बहुधा ती नाकातून दुर्बिणीने होते, चेहऱ्यावर टाका दिसत नाही. पू वरच्या किंवा बाहेरच्या कोपऱ्यात असला तर भुवईजवळ छोटा छेद घ्यावा लागतो.

ताप उतरून डोळा मोकळा झाला, की उरलेले औषध तोंडाने सुरू होते. सगळे मिळून हा कोर्स साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो. पाचव्या दिवशी मूल अंगणात धावू लागते आणि बाटली फ्रिजमध्ये तशीच राहते. इथे अनेक घरे चुकतात.

घरगुती उपायांबाबत स्पष्टच लिहायला हवे. डोळ्यात आईचे दूध, गुलाबपाणी, मध किंवा काजळ घालू नये. सुजलेली पापणी दाबू, फोडू किंवा गरम पोटीस लावून शेकू नये. कपाळाला वेखंडाचा लेप लावला तर फारसे बिघडत नाही, पण तो लावून उतार पडायची वाट पाहण्यात रात्र जाते, हे बिघडते. कापूर लहान बाळाच्या नाकाशी नेऊच नये. त्याने झटके येऊ शकतात. मेडिकलमधून विचारून आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने लाली तात्पुरती कमी होते आणि आजार झाकला जातो. शिवाय सायनसमधल्या जंतूंवर डोळ्यातल्या थेंबांचा काहीही परिणाम होत नाही. सर्दीच्या मिश्र औषधांचेही तसेच. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढले. नाक चोंदले असेल तर साधे सलाइनचे थेंब पुरेसे आणि निर्धोक आहेत.

लसींचा या आजाराशी थेट संबंध आहे. हिब नावाच्या जिवाणूमुळे दोन वर्षांखालच्या बाळांना पापणीचा आणि खोबणीचा भयंकर संसर्ग होत असे आणि त्यातून मेंदूज्वरही होई. लस आली त्या देशांत तो जवळपास दिसेनासा झाला. आपल्याकडे ही लस पेंटाव्हॅलंटमधून मिळते: २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूत सुरुवात झाली, पुढे ती देशभर आली. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने हे तिचे दिवस. न्यूमोकॉकसविरुद्धची पीसीव्ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली; ती दीड आणि साडेतीन महिन्यांना आणि नववा महिना पूर्ण झाल्यावर देतात. दोन्ही सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. खासगी दवाखान्यात लस घेणाऱ्यांनी कार्ड काढून पीसीव्हीचा रकाना भरला आहे का ते पाहावे. जुन्या कार्डांवर तो रकानाच नसे.

कुठे जायचे, हेही आधी ठरलेले बरे. या आजाराला बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा असे तीन विभाग आणि सीटी स्कॅन एका छताखाली लागतात. नुसत्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेले तर तिथून पुन्हा दुसरीकडे पाठवण्यात वेळ जातो. पुण्याचे ससून, मुंबईचे केईएम, नागपूरचे मेडिकल कॉलेज किंवा जवळचे कोणतेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यासाठी योग्य ठरते. गाव लांब असेल तर ग्रामीण रुग्णालयात अँटिबायोटिकचे पहिले इंजेक्शन देऊन पुढे पाठवता येईल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारावे आणि १०८ ला फोन करावा. सोबत लसीकरणाचे कार्ड आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या-पाकिटे घ्यावीत. मुलाने शेवटचे काय आणि किती वाजता खाल्ले-प्यायले ते लिहून ठेवावे आणि वाटेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही भरवू नये. स्कॅनसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची झाली, तर भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतात.